मंदिर, बाजार आणि पाठभेद

एरिक रेमंड ह्या अमेरिकन लेखकाचा ‘द कॅथेड्रल अँड द बझार’ हा निबंध १९९७ सालीं जर्मनींत भरलेल्या लिनक्सविषयक परिषदेंत प्रथम वाचला गेला, आणि १९९९ सालीं त्याच नांवाच्या पुस्तकांत इतर कांहीं निबंधांसह प्रसिद्ध झाला. पाव शतकाहून अधिक काळ लोटला, तरी संगणकाच्या क्षेत्रांतील मंडळी अजून त्याचा उल्लेख एखाद्या स्मृतिग्रंथासारखा करतात. वाङ्मयाच्या मासिकांत यंत्रविद्येवरील पुस्तकाचें परीक्षण कशाला, असा प्रश्न कांहीं वाचक करतील. त्यांस इतकेंच सांगावयाचें कीं, रेमंडचा विषय वरवर पाहतां यंत्र हा असला, तरी वस्तुतः तो ग्रंथरचना हा आहे: अनेक हातांनीं एक ग्रंथ कसा लिहावा, आणि लिहिल्यावर तो कोणाचा म्हणावा.

संगणकानें काय करावें हें सांगणारी संहिता मनुष्यच लिहितो, आणि ती मनुष्यास वाचतां येते. ही मूळ संहिता पुष्कळ कंपन्या कुलुपांत ठेवतात व ग्राहकाच्या हातीं केवळ यंत्रास कळणारें तिचें रूप देतात. ‘ओपन सोर्स’ अथवा मुक्तस्रोत म्हणतात त्या सॉफ्टवेअरची गोष्ट निराळी. तेथें मूळ संहिता कोणींहि वाचावी, तींत बदल करावा आणि बदललेली प्रत पुन्हां दुसऱ्यास द्यावी, अशी लेखी मोकळीक असते. रिचर्ड स्टॉलमन ह्यानें १९८३ सालीं ह्या विचाराचा ध्वज उभारला. १९९१ सालीं हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्यानें आपल्या ‘लिनक्स’चा पहिला कच्चा खर्डा जगापुढें ठेवला. आज पुष्कळ वाचकांच्या खिशांतील मोबाईलमध्यें जें अँड्रॉइड आहे, त्याचा गाभा हाच लिनक्स होय. ज्यांनीं एकमेकांचें तोंडहि पाहिलेलें नाहीं अशा हजारों माणसांनीं, मुख्यतः पत्रव्यवहाराच्या बळावर, ही एवढी संहिता कशी सिद्ध केली, ह्या कोड्याचें उत्तर रेमंडला द्यावयाचें आहे.

त्याचें उत्तर दोन प्रतिमांत सांठविलेलें आहे. एक मोठ्या ख्रिस्ती मंदिराची: थोडे निवडक कारागीर, बंद दारें, आणि काम पुरें झाल्यावर एकदांच होणारें दर्शन. दुसरी बाजाराची: नाना तऱ्हेचीं माणसें, नाना बेत, सतत गलबला, आणि तरीहि त्यांतून निघणारी टिकाऊ वस्तु. लिनक्स हा बाजार आहे, आणि बाजारच मंदिरावर मात करील, हा त्याचा सिद्धान्त. तो पारखून पाहण्यासाठीं त्यानें स्वतः टपाल आणणारा एक लहानसा प्रोग्राम हातीं घेतला, अपुरा असतांनाच तो वारंवार लोकांपुढें मांडला, वापरणाऱ्यांनाच सहकारी मानलें, आणि आलेल्या अनुभवाचीं एकोणीस सूत्रें केलीं. त्यांतील सर्वांत गाजलेलें सूत्र असें कीं, पाहणारे डोळे पुष्कळ असले म्हणजे कोणताहि दोष फार खोल राहत नाहीं.

निबंध वाचनीय आहे ह्यांत शंका नाहीं. स्वतःच्या प्रयोगाचें प्रांजळ वर्णन, छोटीं खणखणीत वाक्यें, प्रतिपक्षास थोडीशी कोपरखळी; इंग्रजी निबंधाच्या चांगल्या परंपरेंतले हे गुण आहेत. सूत्रें पाडण्याचा मोह मात्र त्यास आवरत नाहीं, आणि सूत्र जितकें सुटसुटीत तितकें तें सत्याच्या कडा कापून सुटसुटीत केलेलें असतें. आमचा खरा आक्षेप त्याहून पुढचा आहे. ज्या प्रतिमांवर हा सगळा डोलारा उभा आहे, त्याच आम्हांस चुकीच्या वाटतात.

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथें फुटतो, त्या कसालच्या तिठ्यावर सकाळच्या वेळीं घटकाभर उभें राहावें. गलबला आहे, नाना तऱ्हेचीं माणसें आहेत, कोणी कोणास हुकूम देत नाहीं. पण शेजारणीच्या टोपलींतला नासका आंबा हेरून तो बाहेर काढावयास कोणतीहि विक्रेती जात नाहीं. गेली तर काय प्रसंग ओढवेल हें सांगावयास नको! बाजारांत जो तो आपल्या टोपलीपुरता जबाबदार असतो. मुक्तस्रोताचें वैशिष्ट्य नेमकें ह्याच्या उलट आहे. तेथें सर्वांची मिळून टोपली एकच असते, आणि दुसऱ्यानें टाकलेला आंबा तिसऱ्यानें दाबून पाहावयाचा असतो. मंदिराची प्रतिमाहि आमच्याकडील मनुष्यास पटणारी नाहीं. कोकणांतल्या देवळाचा जीर्णोद्धार एकट्या स्थपतीच्या बंद खोलींतून निघत नाहीं. त्यांत गांवऱ्हाटींतले मानकरी असतात, मुंबईची चाकरमानी मंडळी असतात, वर्गणी असते, आणि मानपानाचे तंटेहि असतात. युरोपांतील मोठीं मंदिरेंसुद्धां कित्येक पिढ्यांच्या हातांखालून गेलेलीं आहेत. सारांश, रेमंडचें मंदिर मंदिरासारखें नाहीं, आणि बाजार तर बाजारासारखा मुळींच नाहीं.

लिनक्सचा व्यवहार प्रत्यक्ष पाहिला म्हणजे ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. कोणींहि दुरुस्ती पाठवावी हें खरें. परंतु कोणाचीहि दुरुस्ती आपोआप आंत जात नाहीं. संहितेच्या निरनिराळ्या विभागांस निरनिराळे राखणदार नेमलेले आहेत, आणि त्यांच्या नांवांची यादी संहितेबरोबरच ठेवलेली असते. आलेली दुरुस्ती आधीं जाहीर वाचली जाते, तींत खोट काढली जाते, ती परत पाठविली जाते. पुष्कळदां तिसऱ्या-चौथ्या खेपेस ती स्वीकारण्याजोगी होते. २००४ सालापासून प्रत्येक दुरुस्तीखालीं ती करणाऱ्याची व पुढें पाठविणाऱ्याची नांवनिशीवार सही असावी लागते. २००५ सालीं टॉरवाल्ड्सनें ‘गिट’ नांवाचें साधन रचलें. त्यांत कोणीं, केव्हां, कोणत्या कारणानें, कोणती ओळ बदलली ह्याची नोंद राहते, आणि मागचा पाठ केव्हांहि पुन्हां काढून पाहतां येतो. हा बाजार नव्हे. ज्यास आम्हीं भाषेचे विद्यार्थी पाठचिकित्सा म्हणतों, तेंच हें काम. केवळ शाई आणि भूर्जपत्र बदललें आहे.

ह्या कामाचा आमच्या प्रांतांतील सर्वांत थोर नमुना पुण्यास, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत झाला. महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें कार्य तेथें १९१९ सालीं सुरू झालें आणि १९६६ सालीं पुरें झालें. बाराशें एकोणसाठ हस्तलिखितें पाहिलीं गेलीं. तीं देशाच्या कोनाकोपऱ्यांतून आलेलीं होतीं, नाना लिप्यांत होतीं, आणि पाठ मिळवून पाहण्याचें काम पुण्याप्रमाणेंच शांतिनिकेतन व तंजावर येथेंहि चालत असे. त्याची रीत लक्षांत घेण्यासारखी आहे. प्रत्येक श्लोकाचा प्रचलित पाठ एका मोठ्या कागदाच्या माथ्यावर अक्षरागणिक घरें पाडून लिहावयाचा. खालीं एकेका हस्तलिखिताची ओळ. आणि जेथें अक्षर निराळें असेल तेथें, त्याच घरांत, तें निराळें अक्षर नोंदवावयाचें. छापतांना स्वीकृत पाठ वर आणि नाकारलेले सर्व पाठ तळाशीं, कोणता पाठ कोणत्या पोथींतला ह्याच्या खुणेसह. नाकारलेलें असें कांहींच फेंकून दिलेलें नाहीं. उद्यां एखाद्या अभ्यासकास संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला, तर त्यास निर्णय फिरविण्याची सर्व सामग्री त्याच पानावर मिळते.

आणखी एक गोष्ट रेमंडला कोणीं सांगितली असती तर त्यास मौज वाटली असती. ‘अपुरें असतांनाच लोकांपुढें मांडा’ हें त्याचें तत्त्व भांडारकर मंदिरानें १९२३ सालींच आचरलें होतें. नारायण बापूजी उटगीकर ह्यांनीं विराटपर्वाची एक तात्पुरती आवृत्ति त्या वर्षीं काढली, आणि ती विद्वानांस मोफत वाटण्यांत आली, ती त्यांनीं दोष काढावे म्हणूनच. पुढें १९२५ सालीं विष्णु सीताराम सुकथनकर ह्यांनीं सूत्रें हातीं घेतलीं. केंब्रिजला गणित शिकलेला आणि बर्लिनला भाषाशास्त्रांत मुरलेला हा पुरुष १९४३ सालीं निवर्तला, आणि तरीहि काम थांबलें नाहीं. श्रीपाद कृष्ण बेलवलकर आणि नंतर परशुराम लक्ष्मण वैद्य ह्यांनीं तें शेवटास नेलें. निर्णयांचीं कारणें कागदावर असल्यामुळें संपादक बदलला तरी संहिता पोरकी झाली नाहीं.

महर्षि व्यास सांगत आहेत आणि श्रीगणेश न थांबतां लिहून घेत आहेत, हें चित्र आमच्यापैकीं प्रत्येकानें बालपणापासून पाहिलेलें आहे. एक कर्ता, एक लेखक, एकटाकी ग्रंथ, ही आमची ग्रंथविषयक कल्पना त्याच चित्रांत आहे. पाठचिकित्सेनंतर असें आढळलें कीं, ही कथाच मागाहून कोणीं तरी घातलेली आहे. चिकित्सक आवृत्तींत ती परिशिष्टांत गेली. एकहस्त रचनेची कथा अन्यहस्ताची निघावी, ह्याहून मार्मिक टीका महाभारतावर दुसऱ्या कोणीं केलेली आम्हांस ठाऊक नाहीं.

तुलना फार ताणूं नये, हेंहि खरें. सुकथनकरांचें तोंड मागें होतें. उत्तरेकडील आणि दाक्षिणात्य शाखा जेथून फुटल्या त्या जुन्या पाठाकडे त्यांना जावयाचें होतें. संगणकाच्या संहितेचें तोंड पुढें असतें, आणि तेथें ‘मूळ’ पाठास कोणी पूज्य मानीत नाहीं. शिवाय चुकीचा पाठ स्वीकारला तर सुकथनकरांच्या वाचकाची फार तर रसहानि व्हावयाची. तेथें बँकेचा व्यवहार बंद पडतो. पण दोन्हीकडे ग्रंथाचा प्राण एकाच ठिकाणीं आहे: मतभेदाची नोंद राखण्यांत, आणि ती नोंद वाचून निर्णय देणाऱ्या जबाबदार वाचकांत.

ह्या वाचकाविषयीं रेमंड जवळजवळ मौन पाळतो, आणि येथेंच त्याच्या निबंधाची उणीव आहे. पुष्कळ डोळे म्हणजे कोणाचे? ते खरोखर पाहत असतात काय? ‘ओपन-एसएसएल’ नांवाची एक संहिता आहे. जाळ्यावरून जाणारा मजकूर गुप्त राखण्याचें काम ती करते, आणि जगांतल्या मोठमोठ्या पेढ्या तिच्यावर विसंबून असतात. मार्च २०१२ मध्यें निघालेल्या तिच्या आवृत्तींत एक घोर चूक होती. ती संहिता सर्वांस खुली होती, कोणींहि वाचावी अशी होती. चूक जाहीर झाली ती एप्रिल २०१४ मध्यें. दोन वर्षें डोळे होते, दृष्टि नव्हती. तेव्हां असें उघडकीस आलें कीं, अब्जावधींचे व्यवहार जिच्या आश्रयानें चालतात, तिच्याकडे पूर्ण वेळ लक्ष देणारीं माणसें बोटांवर मोजण्याइतकींहि नाहींत. प्रत्येकजण समजत होता कीं दुसरा कोणी वाचीत असेल.

याहून उद्बोधक प्रकरण २०२४ सालचें. ‘एक्सझेड’ ही दस्तऐवज दाबून लहान करणारी एक साधी, कोणाच्या ध्यानींमनीं नसलेली संहिता. ती अनेक वर्षें जवळजवळ एकटाच एक गृहस्थ, फावल्या वेळांत, विनावेतन सांभाळीत होता. २०२१ च्या सुमारास ‘जिया टॅन’ ह्या नांवाचा एक साहाय्यक पुढें आला. त्याच्या दुरुस्त्या चांगल्या होत्या. पुढच्या वर्षीं कांहीं अनोळखी नांवांनीं तक्रारी येऊं लागल्या: काम मंद चाललें आहे, राखणदार लक्ष देत नाहीं, दुसऱ्यास अधिकार द्या. थकलेल्या, मनानें खचलेल्या त्या गृहस्थानें अखेर त्या साहाय्यकास अधिकार दिले. फेब्रुवारी २०२४ मध्यें निघालेल्या आवृत्तींत त्यानें चोरवाट ठेवली. दूरच्या यंत्रांत गुपचूप शिरतां यावें अशी. तो कोण होता हें अद्याप उघड झालेलें नाहीं. मार्चच्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड ह्या अभियंत्यास आपल्या यंत्रांत प्रवेश करतांना सुमारें अर्धा सेकंद जास्त लागतो असें जाणवलें. दुसऱ्या कोणीं तें सोडून दिलें असतें. ह्यानें कारण शोधीत शोधीत मूळ संहितेपर्यंत जाऊन चोरी पकडली.

रेमंडचे भक्त म्हणतील, पाहा, अखेर डोळ्यांनींच पकडलें! तें अर्धें खरें आहे. संहिता झांकलेली असती तर फ्रॉइंडला मागोवा घेतां आला नसता, हें मान्यच केलें पाहिजे. पण तो पुष्कळ डोळ्यांचा विजय नव्हता. एका साक्षेपी वाचकाचा होता, आणि तोहि योगायोगानें तेथें होता म्हणून. उलट ‘पुष्कळांनीं’ येथें काय केलें? खोट्या नांवांनीं गर्दी उभी करून एका एकाकी मनुष्यास वांकविलें. बाजाराची प्रतिमा रेमंडनें निवडली तेव्हां बाजारांत खिसेकापूहि असतात हें तो विसरला असावा.

महाभारताचे पाठ मिळविणाऱ्या शास्त्र्यांस निदान वेतन होतें. औंधचे अधिपति श्रीमंत बाळासाहेब पंत प्रतिनिधि ह्यांनीं १९१८ सालीं एक लाख रुपयांचें वचन दिलें, आणि त्या बळावर कामाची उभारणी झाली. २०१४ च्या धक्क्यानंतर मोठ्या कंपन्यांनीं मिळून अशा संहितांसाठीं एक निधि काढला, ही चांगली गोष्ट झाली. पण दहा वर्षांनीं ‘एक्सझेड’च्या राखणदारापर्यंत त्याची ऊब पोंचलेली दिसली नाहीं.

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर सामुदायिक श्रमाचा एक जुना प्रकार आहे: रापण. होडींतून भलें मोठें जाळें अर्धवर्तुळांत टाकीत जातात, आणि मग दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांच्या रांगा ओढीत आणतात. मासळीचे वाटे पडतात. मुक्तस्रोतास रेमंडच्या बाजारापेक्षां ही उपमा कितीतरी जवळची आहे, असें प्रथम वाटतें. तथापि एका ठिकाणीं ती तुटते, आणि तुटते तेथेंच खरी अडचण दिसूं लागते. रापणींत जो दोराला हात लावीत नाहीं त्यास वाटा नाहीं. संहितेच्या बाबतींत न ओढणाऱ्यासहि पूर्ण वाटा मिळतो, आणि त्यामुळें ओढणाऱ्याचा वाटा कमीहि होत नाहीं. ही तिची थोरवी. आणि किनाऱ्यावर बघे फार व दोराशीं माणसें थोडीं, अशी स्थिति येते तीहि ह्याचमुळें.

मराठीपुरतें पाहावयाचें तर ह्या बघ्यांत आमचा सुशिक्षित वर्ग जवळजवळ अख्खाच्या अख्खा उभा आहे. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ ह्या दोन शब्दांतला भेद संगणकावर उमटविण्यासाठीं, ‘ॲ’ ह्या अक्षरास जागतिक लिपिसंकेतांत २००८ सालीं स्वतंत्र स्थान मिळण्यासाठीं, मराठी वळणाचे ‘ल’ आणि ‘श’ मराठी मजकुरांत आपोआप उमटावे म्हणून मुक्त टंकांत नियम घालण्यासाठीं, कोणीं तरी दोष हेरावा लागला, लिहून कळवावा लागला, वाद घालावा लागला. शासनानें ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयानें वर्णमाला ठरवून दिली. पण शासननिर्णय टंकांत आपण होऊन शिरत नाहीं. ‘लोहित’, ‘मुक्ता’ यांसारखे टंक आज कोणासहि फुकट वापरतां येतात व सुधारतांहि येतात. त्यांतील एखादें जोडाक्षर वांकडें दिसलें तर आमचे भाषेचे प्राध्यापक वर्तमानपत्रांत मराठीच्या दुर्दशेवर लेख लिहितात. तीच वेलांटी नेमकी कोठें चुकली हें चार ओळींत त्या टंकाच्या राखणदारास कळविणें, हें त्यांस वाङ्मयसेवेंत जमा वाटत नाहीं.

१ मे २००३ रोजीं सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचीहि हीच कथा. ज्या संहितेवर तो चालतो ती मुक्तस्रोत, त्यांतला मजकूर मुक्त, प्रत्येक लेखाचे मागचे सर्व पाठ सुरक्षित, आणि शेजारीं वादासाठीं चर्चेचें पान. सुकथनकरांस हेवा वाटावा अशी सामग्री! आणि तिचें काय होतें? हजारों खेड्यांवरील लेख एकाच सांच्यांतून काढलेले आहेत: गांव, तालुका, जिल्हा, पावसाळ्यांत भरपूर पाऊस, हवा दमट, उन्हाळा उष्ण. गांवाचें नांव तेवढें बदललें कीं दुसरा लेख तयार. ज्यांनीं ते काढले त्यांस आम्हीं दोष देत नाहीं. त्यांनीं निदान दोराला हात लावला. चर्चेचीं पानें मात्र बहुशः कोरीं आहेत. पाठभेदच नाहींत, कारण दुसरा पाठक नाहीं. श्रीधर व्यंकटेश केतकर ह्यांनीं ज्ञानकोशाचे तेवीस खंड काढले तेव्हां त्यांतल्या मतांवर महाराष्ट्रांत केवढें रण माजलें होतें! तें रण त्रासदायक असेल, पण कोश वाचला जात असल्याची ती खूण होती.

रेमंडनें दुसरी सुधारलेली आवृत्ति २००१ सालीं काढली. तींतहि ह्या वाचकास जागा मिळाली नाहीं. कुडाळ तालुक्यांतील एखाद्या खेड्याचा तसला सांच्यांतला लेख उघडून पाहावा. भाताच्या लावणीस हल्लीं माणसें कोठून येतात, देवळाचा मांड कोणाकडे आहे, कोणत्या वाडीचें पाणी मार्च महिन्यांत आटतें, ह्यांतलें कांहींहि त्यांत सांपडणार नाहीं. हें ज्यांस ठाऊक आहे ते गांवांतच आहेत, बहुतेकांच्या हातीं मोबाईल आहे, आणि ‘संपादन’ असें लिहिलेली खूण त्या पानाच्या माथ्यावर आहेच.